पर्यावरणपूरक वागण्यामागचं मानसशास्त्र

पाणी-वीज जपून वापरणं, कचरा वेगळा करणं, बाजारात कापडी पिशवी नेणं या गोष्टी माणूस का करतो आणि सगळं कळत असूनही का करत नाही, याचा अभ्यास पर्यावरण मानसशास्त्रात होतो.

गोदावरी खराब होतेय हे नाशकात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, तरी पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी नदीत टाकणारे दिसतातच, आणि टाकल्यावर तेच हात जोडून नमस्कारही करतात. म्हणजे नदीबद्दल भाव आहे, माहिती पण आहे, फक्त वागण्यात उतरत नाही. मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीनुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : त्याला स्वतःला काय वाटतं, जवळच्या लोकांना काय वाटेल, आणि हे आपल्याला जमेल का. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण घरी ओला-सुका वेगळा करून दिला आणि घंटागाडीत दोन्ही एकत्र पडताना दिसलं की उद्यापासून कोण कशाला करेल?

दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे इतर लोकांच्या प्रभावाची ताकद मात्र लोकांना स्वतःलाच कळत नाही. अमेरिकेतल्या एका हॉटेलात गोल्डस्टीन, चाल्डिनी वगैरे संशोधकांनी केलेला प्रयोग (प्रसिद्धी २००८) बघा, खोलीत नुसतं 'पर्यावरण वाचवा' लिहिलेलं कार्ड ठेवलं तर साधारण ३५ टक्के लोकांनी टॉवेल परत वापरला, 'बहुतेक पाहुणे परत वापरतात' लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी, आणि पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी वापरला' म्हटल्यावर ४९ टक्क्यांनी.

गणपतीची मूर्ती नदीत न सोडता दान करायची, हे नाशिकचं मूर्तीदान मला याचंच उत्तम उदाहरण वाटतं. घाटावर आरती होते, मूर्तीला पाण्याचा स्पर्श होतो आणि मग ती कार्यकर्त्यांच्या हातात दिली जाते, श्रद्धा दुखावत नाही, पुढच्या कुटुंबाने दिलेली डोळ्यांसमोर दिसते, आणि 'देव द्या, देवपण घ्या' ही हाक ऐकून मनात अपराधी नाही, उलट मोठं वाटतं. घाबरवून हे झालं नसतं.

दंडाचा परिणाम होतो, पण भीती असेपर्यंतच. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्यांकडच्या पातळ पिशव्या गायब झाल्या, तपासणी सैल पडली तशा परत आल्या.

बाकी राहते ती सवय, आणि ती मोडायची तर आयुष्यात काहीतरी बदलताना मोडावी. इंग्लंडमध्ये व्हर्प्लँकेन आणि रॉय या संशोधकांनी ८०० लोकांवर केलेल्या अभ्यासात (२०१६) घर बदलून तीन महिन्यांच्या आत असलेल्यांवर पर्यावरणपूरक सवयी लावण्याच्या प्रयत्नांचा परिणाम जास्त झाला. नाशकात गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याकडे इतक्या नवीन सोसायट्या होतायत, तिथे फ्लॅटच्या चावीबरोबरच दोन डबे हातात दिले पाहिजेत, कारण वर्षभराने पत्रक वाटेपर्यंत कचरा कुठे टाकायचा हे हाताला पाठ झालेलं असतं.