मोठी गाडी म्हणजे एसयूव्ही नव्हे: परदेशात भाड्याने घेताना इस्टेट का घ्यावी

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी साताऱ्यात कुणी ना कुणी बुकिंगचा कागद घेऊन माझ्याकडं येतंच. पंधरा दिवस स्वित्झर्लंड आणि इटली, चौघं जण, चार मोठ्या बॅगा. "सामान जास्त आहे, म्हणून एसयूव्ही घेतली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहूनच टाकतो. सामान जास्त असेल तर एसयूव्ही नको, इस्टेट घ्या.

एसयूव्ही म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, पोवई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी दहा दिसतील. इस्टेट मात्र आपल्याकडं रुजली नाही. 1992 मध्ये टाटा इस्टेट आली, पुढं इंडिगो मरीना आली, दोन्ही गेल्या. सेडानचं टप मागच्या टोकापर्यंत सरळ ओढायचं आणि तिथं वर उघडणारा दरवाजा बसवायचा, की झाली इस्टेट. हिलाच स्टेशन वॅगन म्हणतात, जर्मनीत कोम्बी, फ्रान्समध्ये ब्रेक. ऑडीची अवांत आणि बीएमडब्ल्यूची टुरिंग म्हणजे हीच.

भाडं, मायलेज, सीटची उंची यांत थोडंफार इकडंतिकडं होतं, त्यावर डोकं शिणवू नका. खरा फरक डिकीचा आहे. एसयूव्ही वर वाढते, इस्टेट मागं वाढते. एसयूव्हीत वाढलेली जागा तुमच्या डोक्यावर आणि गाडीच्या पोटाखाली असते, तिथं बॅग ठेवता येत नाही.

एकाच कंपनीच्या तीन गाड्या घ्या. स्कोडाच्या छोट्या कामिक एसयूव्हीची डिकी 400 लिटर, त्याहून मोठ्या करॉकची 521 आणि ऑक्टाव्हिया कॉम्बी या इस्टेटची 640. आता आपली मोठी बॅग मोजा. 75 बाय 50 बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे 112.5 लिटर. चार बॅगांचे झाले 450. कामिक इथंच बाद. करॉकमध्ये कागदावर बसतात, पण युरोपात डिकी मोजतात ती 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एका लिटरचे ठोकळे रचून. ठोकळा कोपऱ्यात, चाकाच्या फुगवट्याशेजारी, कुठंही बसतो. बॅग बसत नाही. बॅगेला सलग लांब फळी लागते, आणि ती इस्टेटमध्ये मिळते.

एसयूव्हीत मग बॅगा एकावर एक चढतात, वरचं कव्हर लागत नाही आणि सामान काचेतून दिसायला लागतं. इटलीतल्या पर्यटनस्थळांच्या पार्किंगमध्ये काच फोडून बॅग उचलण्याचे प्रकार होतात. चार तास गाडी सोडून फिरायला जायचं असेल तर कव्हर लागणं ही चैन नाही, गरज आहे.

पहिल्या खेपेला मीही हीच चूक केली होती. झुरिच विमानतळाच्या पार्किंगमध्ये दाजी आणि मी अर्धा तास बॅगा आडव्या, उभ्या, तिरक्या घालून पाहत होतो. तीन बसल्या. चौथी मागच्या सीटवर ताई आणि माझ्या बायकोच्या मधोमध उभी, चटणीची पिशवी ताईच्या पायात. इंटरलाकेनपर्यंत दोन तास मला आरशात मागचा रस्ता दिसला नाही, दिसली ती फक्त निळी बॅग.

"पण तिकडं घाट आहेत की!" आहेत. फुर्का खिंड 2,429 मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. पण वरपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे. आपल्याला उंच गाडी लागते ती खड्डे आणि स्पीड ब्रेकरवर पोट घासतं म्हणून, घाट आहे म्हणून नव्हे. उलट वळणावळणाच्या रस्त्यावर बुटकी गाडी कमी झुकते, मागं बसलेल्या पोरांना कमी मळमळतं.

एसयूव्ही म्हणजे चारही चाकांना जोर, हाही समज सोडा. बुकिंगच्या कागदावर गाडीच्या वर्गाचा चार अक्षरी कोड असतो. दुसरं अक्षर बांधणीचं: डब्ल्यू म्हणजे इस्टेट, एफ म्हणजे एसयूव्ही, व्ही म्हणजे व्हॅन. तिसरं अक्षर गिअरचं आणि चाकांचं. तिथं नुसतं एम किंवा ए असेल तर फोर व्हील ड्राइव्हची हमी नाही. त्यासाठी एन किंवा बी हवं. आइसलँडच्या डोंगरातल्या एफ-रस्त्यांवर फोर व्हील ड्राइव्ह कायद्यानं सक्तीचीच आहे, तिथं हे अक्षर बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

आईवडील बरोबर असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर एसयूव्ही जरूर घ्या, चढ-उतर सोपी पडते; फक्त बॅगा दोनच न्या. सहा-सात जण असाल तर सरळ व्हॅन. सेव्हन सीटरच्या भरवशावर राहू नका: आपल्या अर्टिगाची तिसरी रांग उभी असताना मागं 209 लिटर उरतात, तिकडच्या छोट्या सेव्हन सीटरचंही तेच.

कागदावर छापलेलं मॉडेलच मिळेल असं नसतं, त्या वर्गातली कुठलीही गाडी देतात. काउंटरवर "त्याच पैशात एसयूव्ही देतो" म्हणाले तर इस्टेटच हवी असं ठामपणे सांगा. आणि किल्ली हातात आली की फोटोबिटो नंतर. आधी डिकी उघडा, चारही बॅगा आत ठेवा, कव्हर ओढून बघा. ते लागलं नाही, तर तिथूनच मागं फिरा.