अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ आणि किशोरवयातील मंद दाह

गुडघा खरचटला की जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत निवते. हा नेहमीचा दाह, म्हणजे इजेला शरीराने दिलेला प्रतिसाद. मंद दाह असा दिसत नाही, दुखत नाही, पण महिनोन्‌महिने रेंगाळतो. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, बोलीत सीआरपी, ही त्याची नेहमीची खूण. न्यूमोनियात हा आकडा लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकतो. मंद दाहात तो बहुधा १० च्या आतच राहतो. त्यातून सर्दी-तापानेही तो चढतो, म्हणून एका चाचणीवर मुलाला ‘दाह आहे’ असा शिक्का मारू नये.

अतिप्रक्रियायुक्त पदार्थ ही कल्पना ब्राझीलची. साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून मांडलेल्या ‘नोव्हा’ वर्गीकरणातील हा चौथा आणि शेवटचा गट. पदार्थ तेलकट की गोड, हा इथे मुद्दा नाही. तो कशापासून आणि कशासाठी घडवला, हा आहे. त्यामुळे गाडीवरचा वडा या गटात येत नाही: बटाटा, बेसन, मिरची, लसूण, तेल, सगळे ओळखीचे. डब्यात कौतुकाने दिलेला मल्टिग्रेन बिस्किटांचा पुडा मात्र बहुधा येतो. तो उलटून बारीक अक्षरे वाचावीत: इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये) ३२२ आणि ४७२ई, कृत्रिम स्वाद. यातले काहीच घरच्या फडताळात सापडत नाही.

या पदार्थांचे प्रमाण किती, याचा अंदाज अमेरिकेवरून येतो. तिथे २ ते १९ वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींत त्यांचा वाटा १९९९ मध्ये सुमारे ६१ टक्के होता, तो २०१८ पर्यंत ६७ टक्क्यांवर गेला.

दाहाशी संबंध कसा जुळतो? सर्वांत भक्कम दुवा वजनाचा. २०१९ मध्ये अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचा आहार दिला. ताटातली साखर, चरबी, मीठ, तंतू सारखे ठेवूनही अतिप्रक्रियायुक्त आहारावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. वाढलेली चरबी स्वस्थ बसत नाही. त्या ऊतीतून इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये स्रवतात आणि यकृत सीआरपी वाढवते. दुसरा दुवा आतड्याचा. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट-८० या इमल्सिफायरांनी आतड्याचे श्लेष्म-अस्तर विरळ होऊन मंद दाह निर्माण झाला. यातले पहिले द्रव्य फ्रोझन डेझर्टच्या वेष्टनावर ‘४६६’ या आकड्यामागे असते. माणसांत, त्यातही वाढत्या मुलांत, हेच घडते असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

किशोरांवरचे पुरावे अजून कच्चे आहेत. बरेचसे अभ्यास एकाच वेळी आहार विचारून आणि रक्त तपासून केलेले; त्यांत आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. शिवाय वयात येताना इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद आपसूकच मंदावतो, त्यामुळे रक्तातला प्रत्येक बदल आहाराच्या माथी मारता येत नाही. जागरण, धूम्रपान, कमी हालचाल यांचा हिशेबही वेगळा काढावा लागतो. आणि पाकीटमनीतून गेटबाहेर काय खाल्ले, ते प्रश्नावलीत किती खरे उतरते, ही शंका उरतेच.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा निकष प्रक्रियेचा नाही. त्यात गेटसमोरचा वडा अडकू शकतो आणि साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातलेले पेय सुटू शकते.