न वाजणारं हब: कुत्र्याच्या जागी पाचर

आमच्या रविवारच्या सायकलस्वारांत एक समज घट्ट बसला आहे: मागचं हब, म्हणजे चाकाचा आरे जोडलेला मधला भाग, जितकं मोठ्यानं वाजेल तितकी सायकल भारी. उतारावर पायडल थांबवताच कर्रर्र करणारं चाक दिसलं की नवखी मुलं किंमत विचारतात आणि शांत चाकाकडे पाहून ‘हे साधंच दिसतंय’ म्हणतात. ही समजूत साफ चुकीची आहे. आवाजावरून ना वेग कळतो, ना टिकाऊपणा. जगातली काही फार महाग हब अशी आहेत, की उतारावर फक्त टायर आणि वारा ऐकू येतो. मला ती मनापासून आवडतात, कारण त्यांच्या शांततेमागे एक फार सुंदर यंत्रयुक्ती आहे.

आधी आवाज कुठून येतो ते पाहू. साध्या सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र, एकदा तरी उघडून पाहावं. वरच्या चकतीचे आटे उलटे असतात. ती सुटली की बारीक छर्रे घरंगळतात आणि काळ्या पडलेल्या ग्रीसमध्ये नखाएवढे दोन पोलादी तुकडे दिसतात. सायकलवाले त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. केसासारखी बारीक तार त्यांना सतत बाहेर ढकलत असते. त्यांच्याभोवती एक कडं असतं आणि कड्याला आतून करवतीसारखे तिरपे दाते असतात. पायडल मारलं की दाता कुत्र्याच्या नाकाला अडतो आणि चाक ओढलं जातं. पायडल थांबलं की कडं थांबतं, पण चाक पुढे जात राहतं. मग कुत्रा दात्याच्या उतारावरून चढतो आणि टोकावरून पुढच्या खाचेत टपकन पडतो. प्रत्येक पडण्याचा एक खटका. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडेन यांनी १८६९ साली सायकलच्या फ्रीव्हीलचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही जात चालत आली आहे. गिअरच्या सायकलीत हीच रचना हबच्या आत, कॅसेटखाली (मागच्या गिअरचक्रांच्या संचाखाली) सरकली आहे, एवढाच फरक.

चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. ताशी २० किलोमीटरला ते सेकंदाला सुमारे २.६५ फेऱ्या मारतं. दाते १८ असतील आणि सगळे कुत्रे एकदम पडत असतील, तर सेकंदाला ४८ खटके. दाते ३६ असतील तर ९५, आणि ७२ असतील तर १९०. सायकल हातात धरून चालताना हेच खटके सुटे सुटे, टिकटिक असे ऐकू येतात. सेकंदाला विसाच्या पुढे गेले की कानाला ते वेगळे काढता येत नाहीत, त्यांचा सूर होतो. ७२ दात्यांचं हब ताशी साडेवीस किलोमीटरला जवळजवळ पांढरी पाच लावतं! त्यात खोल, पोकळ कार्बन रिम असेल तर तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं काम होतं. खटका हबमध्ये होतो आणि घुमतो सगळ्या चाकात.

हा आवाज बंद करायचा सोपा उपाय म्हणजे ग्रीस. कुत्रा ग्रीसमध्ये पडला तर आपटत नाही, अलगद टेकतो. मीही एकदा उत्साहानं जाड ग्रीस ठासून भरलं होतं. आवाज जवळपास गेला. डिसेंबरात पहाटे पसरणी घाट चढताना एका वळणावर जरा पाय थांबवले, मग उभं राहून पायडल दाबलं आणि पाय रिकामाच खाली गेला. गुडघा दांडीवर असा आपटला की आठवडाभर लंगडत होतो. थंडीनं घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये कुत्रा रुतून बसला होता आणि त्या बारीक तारेत त्याला बाहेर ढकलायची ताकद नव्हती. घरी आल्यावर रॉकेलनं सगळं धुतलं. ग्रीस पातळ हवं आणि बेतानं हवं.

खरी शांतता हवी असेल तर पडणारा कुत्राच काढून टाकावा लागतो. त्याच्या जागी येते पाचर. सुतार कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतो तेव्हा ती फार निमुळती असते, म्हणून घर्षणाच्या जोरावरच आत राहते. हीच युक्ती स्प्रॅग क्लच नावाच्या एकतर्फी पकडीत असते. त्यात दोन गुळगुळीत पोलादी कडी एकात एक बसवलेली असतात आणि मधल्या फटीत इंग्रजी आठाच्या आकाराचे छोटे तुकडे, म्हणजे स्प्रॅग, किंचित तिरपे उभे असतात. चाक मोकळं धावतं तेव्हा ते तेलावरून नुसते घसरत राहतात. दाते नाहीत, खाचा नाहीत, त्यामुळे पडायला जागाच नाही. पायडल मारलं की ते किंचित उभे होऊ पाहतात, पण उभी उंची फटीपेक्षा जास्त असल्यामुळे तिथेच पाचरीसारखे अडकतात. जितका जोर लावाल तितके घट्ट.

आता याचं गणित पाहा. ७० किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, उभा राहिला की सुमारे ११७ न्यूटन-मीटर पीळ पडतो. पुढे-मागे सारखे दाते असलेल्या गिअरमध्ये तेवढाच पीळ हबला पोचतो. क्लचची त्रिज्या १२ मिलिमीटर धरली तर कड्याच्या पृष्ठभागावर जवळजवळ एक टनाचा ओढा येतो. स्प्रॅग ३ अंशांनी तिरपा असेल तर तो ओढा पेलायला कड्यांवर काटकोनात पडणारा दाब त्याच्या १९ पट लागतो, कारण ३ अंशांचा टॅन्जंट ०.०५२ आहे. म्हणजे मुठीएवढ्या हबमध्ये सगळ्या स्प्रॅगांवर मिळून १८-१९ टन! तेल लावलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो. तो ०.०५२ पेक्षा जास्त आहे, म्हणूनच पाचर सुटत नाही. एवढा दाब ॲल्युमिनियमला झेपत नाही, कडक पोलादच लागतं, आणि त्यामुळे ही हब वजनाला जड होतात. इतक्या दाबाखाली पोलादही किंचित दबतं, म्हणून पायडल लागताना खटका न जाणवता मऊ पकड जाणवते. मोटारसायकलच्या सेल्फ-स्टार्टमध्येही असाच एकतर्फी क्लच असतो. इंजिन सुरू झालं की स्टार्टर मोटर आपोआप मोकळी होते.

सायकलसाठी अशी स्प्रॅगची हब अमेरिकेतली ऑनिक्स कंपनी बनवते. शिमानोनं २०१८ साली वेगळी वाट धरून ‘सायलेन्स’ नावाचं हब जाहीर केलं होतं. त्यात पायडल थांबताच दात्यांची कडी एकमेकांपासून दूर सरकणार होती. पुढे ते बाजूला ठेवून त्यांनी नेहमीचंच हब विकायला आणलं.

पकडीच्या आकड्यांवरूनही बराच गाजावाजा चालतो. इंडस्ट्री नाइनचं हायड्रा हब एका फेरीत ६९० ठिकाणी पकडतं, म्हणजे दर ०.५२ अंशाला. दगडधोंड्यांतून तुकड्या-तुकड्यानं पायडल मारणाऱ्याला याचा उपयोग आहे. डांबरी रस्त्यावर हबात ३६ दाते आणि दुप्पट गिअर (पायडलच्या एका फेरीत चाकाच्या दोन) असेल तर पायडल फार तर ५ अंश रिकामं जातं, म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर. तेवढ्यासाठी पैसे मोजू नका. ‘आवाजात ताकद वाया जाते’ हेही उगाच ताणलेलं. तीन कुत्रे, प्रत्येकाला उचलायला एक न्यूटन, उंची अर्धा मिलिमीटर, सेकंदाला ९५ वेळा: झाले ०.१४ वॅट. त्याच वेगाला वारा कापायला पन्नासेक वॅट लागतात.

रोज कामावर जाणाऱ्यांना मी मऊ स्प्रिंगचं, नीट ग्रीस केलेलं साधं कुत्र्यांचं हबच सुचवतो. शिमानोची साधी हब या बाबतीत चांगली आहेत. दुकानात मागचं चाक उचलून फिरवा आणि कान लावा. तिथे जे ऐकू येईल ते खोल रिमवर दुप्पट वाटेल असं धरून चाला. स्प्रॅगचं घेणार असाल तर कंपनीनं सांगितलेलं तेलच घाला. घर्षण कमी करणारं भलतंच तेल पडलं तर घर्षणांक खाली येतो आणि ऐन चढावर पाचर निसटते. आणि घंटी बसवून घ्या, कारण मागून येणारी अशी सायकल रस्त्यावर कुणालाच ऐकू येत नाही.