मनगट शिरत नाही तिथे सुई कशी पोहोचली

बहिणीकडे गेलो तर जेवणाच्या टेबलावर संत्र्यांची रिकामी पेटी पालथी घातलेली. पुठ्ठ्याला दोन भोकं, त्यांतून आत गेलेल्या दोन लांब दांड्या, आत उभा केलेला मोबाईल आणि त्याचं चित्र लॅपटॉपवर. भाची मेडिकलला सर्जरीची रेसिडेंट आहे. (नागपुरात 'मेडिकल' म्हणजे १९४७ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.) दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव म्हणून पेटीत एक संत्रं ठेवून त्याची चिरलेली साल ती शिवत होती. आपल्या संत्र्याची साल सैल, गराला न चिकटलेली. दोरा जरा जास्त ओढला की टाका सालीसकट हातात.

"मामा, हात बाहेर, सुई आत, अन् मनगट मधातच अडकून राहिलं," ती म्हणाली.

ही तक्रार फार जुनी आहे. वाकडी सुई सरळ ढकलली तर मांस फाटतं. ती आपल्याच वळणावर फिरवावी लागते, आणि ते फिरवणं मनगटाचं काम. कातडीवरच्या जखमेत मनगटाला मोकळं रान असतं. घशाच्या मागे, कटीच्या हाडांच्या खळग्यात, गर्भाशयाच्या तळाशी ते नसतं. तिथे मनगटाचं फिरणं दुसऱ्या कशावर तरी सोपवावं लागतं, आणि इतक्या वर्षांत कारागिरांनी आणि सर्जनांनी ते कशाकशावर सोपवलं ते पाहण्यासारखं आहे.

सुश्रुतसंहितेने ते सुईवरच सोपवलं. तिथे सुया तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत: मांस कमी असलेल्या जागी आणि सांध्यांवर दोन बोटं लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन बोटं लांबीची तिधारी, आणि मर्मस्थानं, अंडकोश, पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकलेली. जागा जितकी अवघड तितकी सुई वाकडी. टाक्यांची नावंही शिंप्याच्या आणि शेताच्या भाषेतली. गोफणिका हे नाव गोफणीवरून आलं आणि तुन्नसेवनी म्हणजे सरळ सरळ रफू. फाटलेल्या आतड्यासाठी तर सुईच बाजूला ठेवली आहे. कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चाववायच्या, मग धड तोडून डोकी तशीच आत ठेवायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

भूल नव्हती तोवर अवघड जागेचा अर्थ वेगळाच होता. १८१९ मध्ये पॅरिसला फिलिबेर रू यांनी जॉन स्टीफनसन या वैद्यकीय विद्यार्थ्याची जन्मापासून दुभंगलेली मऊ टाळू शिवली. रोगी शुद्धीत, तोंड उघडं, घशाला काही लागलं की उमासा. स्टीफनसनने पुढे एडिनबरोला प्रबंध लिहिला तो याच विषयावर.

यानंतरचं पान वाचताना मात्र मान खाली जाते. बाळंतपण अडून मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं, लघवी सतत गळत राहते. अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात ते शिवण्याचे प्रयोग केले ते गुलाम स्त्रियांवर, भूल न देता. त्यांतल्या तिघींची नावं नोंदली गेली: अनार्का, लुसी, बेट्सी. एकट्या अनार्कावर तीसेक शस्त्रक्रिया झाल्या. आतलं दिसावं म्हणून सिम्सनी चमच्याची दांडी वाकवून वापरली, आणि रेशमाऐवजी चांदीची तार घेतल्यावर जखम धरली. त्याच घाटाचं स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं अवजार, आजही वापरात आहे. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ मध्ये हलवला गेला.

पुढे मनगटाचं काम सुई धरणाऱ्या अवजाराकडे, म्हणजे नीडल होल्डरकडे गेलं. रोजच्या वापरातला मेयो-हेगर सरळ असतो. त्यातला 'मेयो' अमेरिकेतल्या मेयो बंधूंचा, आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलशी त्याचा संबंध नाही. शिकागोचे हीनी योनीमार्गे गर्भाशय काढत, म्हणून त्यांनी होल्डरचा जबडाच वाकडा करून घेतला. रेव्हर्डिन यांच्या सुईचं नेढं सरकत्या दांडीने उघडतं आणि मिटतं. चांभाराची आरी पाहिली असेल तर ती लगेच कळेल: आरपार घालायची, पलीकडे दोरा अडकवायचा, मागे ओढायची.

माझं आवडतं अवजार बूमरँग. जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या मागे, खोल खड्ड्यात बसलेली प्रोस्टेट ग्रंथी काढली की तळाशी रक्तस्राव होतो आणि तिथे बोटही धड वळत नाही. सिडनीचे हॅरी हॅरिस १९२०च्या दशकात त्या खड्ड्यात टाके घालू लागले ते बूमरँग सुईने. लांब दांड्याच्या टोकाशी वाकडी सुई आडवी बसवलेली. मुठीतला खटका दाबला की हात जागच्या जागी आणि सुई अर्धं वर्तुळ फिरून बाहेर. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता प्रोस्टेट काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यातही हेच अवजार होतं.

दुसरी वाट सुई टाळण्याची. बुडापेस्टच्या ह्युल्टल यांनी १९०८ मध्ये पहिला सर्जिकल स्टेपलर वापरला. वजन साडेतीन किलोच्या आसपास, त्याचे भाग जोडून तो तयार करायला दोन तास. त्यांच्याच देशातल्या पेट्झ यांनी काही वर्षांत तो हलका केला. १९५१ मध्ये मॉस्कोत अशा अवजारांसाठी वेगळी संस्था निघाली, आणि १९५८ मध्ये कीव्हला गेलेले मार्क रॅविच तिथला स्टेपलर पाहून तो अमेरिकेत घेऊन गेले. पुढे गोल स्टेपलर आला आणि गुदाशय अगदी खालपर्यंत काढूनही आतडं जोडता येऊ लागलं. कडा जुळवायच्या, चावा घ्यायचा, चावा आत ठेवायचा: सुश्रुताच्या मुंग्याच, फक्त टायटॅनियमच्या.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने मात्र सगळं पुन्हा अवघड केलं. पोटावरच्या भोकातून गेलेली दांडी तरफेसारखी चालते, हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे. मनगटाच्या हालचाली गळतात आणि जेमतेम चार उरतात. १९८० मध्ये कीलच्या कुर्ट सेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा त्यांना निलंबित करा अशी मागणी झाली होती. गाठ आत बसेना म्हणून टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतली रोडर यांची सुरगाठ त्यांनी उचलली. ती बाहेर बांधायची, आत सरकवायची. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी.

२००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या दा व्हिंची रोबोटने दांडीच्या टोकालाच मनगट बसवलं. पण दोऱ्याचा ताण हाताला कळेना. सर्जन तो डोळ्यांनी ओळखायला शिकले.

गाठच नको, अशीही एक कल्पना आहे. दोऱ्यालाच कुसळासारखे काटे. धोतराला कुसळ जसं एकाच दिशेने पुढे सरकतं, मागे येत नाही, तसं. जॉन अल्कामो यांचं त्यावरचं पेटंट १९६४चं, अमेरिकेत वापराची मान्यता २००४ची. आता गर्भाशय शिवायला हा दोरा सर्रास घेतात.

भाचीला तो हवा होता. सीनियर म्हणाले, आधी गाठ येऊ दे. त्या रात्री अकरापर्यंत चार संत्री फाटली. पाचव्याला दुहेरी वळसा बसला, सुरगाठ खाली सरकली आणि वरून निरगाठ पडली. बहीण तेवढ्यात म्हणाली, फाटलेल्यांचा रस काढते, तू ती दांडी धुऊन ठेव.