गल्लीतला मोकळा प्लॉट आणि मुंबईचा डीपी: हरकत-सूचना कोण, कशी आणि कोणत्या कागदांवर देऊ शकतो

पत्र्यांनी घेरलेला एखादा प्लॉट प्रत्येक वस्तीत असतो. पावसाळ्यात आत छातीएवढं गवत, गणपतीत मंडप, एरवी टेम्पोंचं पार्किंग. तिथे मैदान होणार, दवाखाना होणार की टॉवर, याची चर्चा नाक्यावर वर्षानुवर्षं रंगते. उत्तर मात्र महापालिकेच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, आधीच रंगवून ठेवलेलं असतं. शहराला पुढच्या वीस वर्षांत काय हवं आणि कुठे हवं, हे महापालिका याच कागदावर ठरवते. भाषणं आणि फलक काहीही सांगोत, जमिनीवर आरक्षण आहे का, म्हणजे ती मैदान, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखली आहे का, एवढंच शेवटी टिकतं.

सध्या लागू असलेला आराखडा २०३४ पर्यंतचा. त्याची बहुतांश अंमलबजावणी १ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झाली. पण फेरआखणीच्या इराद्याची सूचना राजपत्रात आली होती २००९ साली, म्हणजे नऊ वर्षं आधी. फेब्रुवारी २०१५ मधला पहिला मसुदा तर चुकांपायीच मागे घ्यावा लागला. कुठे उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, कुठे वारसा वास्तूंची नोंदच नव्हती. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला, शासनाने फेरतपासणीचा आदेश दिला आणि मे २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. ‘आपल्या कागदाला कोण विचारतो’ म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

कोण देऊ शकतं?

कोणीही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असाच उल्लेख आहे. जागा तुमच्या नावावर असायची गरज नाही. भाडेकरू, चाळीतले रहिवासी, शेजारची सोसायटी, मैदानावर खेळणाऱ्या मुलांचे पालक, सगळे पात्र. अट दोनच: लेखी द्यायचं आणि मुदतीत द्यायचं.

संधी तीन वेळा येते. नवा आराखडा बनताना मसुद्यावर. मागच्या खेपेला त्यासाठी ६० दिवस होते. पुढे शासनाने मंजुरी देताना मोठे बदल सुचवले, तर तेवढ्या भागावर पुन्हा. तिसरी संधी आज सगळ्यात कामाची आणि तीच लोक हुकवतात: कलम ३७ खालचा फेरबदल. मंजूर आराखड्यातलं एखादं आरक्षण हलवायचं किंवा बदलायचं असेल, तर त्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ही नोटीस पेपरात बारीक टायपात, निविदांच्या गर्दीत दडलेली असते. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त काकांना हे काम नेमून द्या. ते चष्मा लावून रोज बघतील.

कागद कोणते?

आधी नंबर. उपनगरात सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला जागेचा क्रमांक) आणि गावाचं नाव (मालाड, मुलुंड, दहिसर ही महसुली कागदात अजून गावंच आहेत), शहर भागात सीएस नंबर (तिथला भूमापन क्रमांक) आणि डिव्हिजन (भूमापनातला विभाग). या नंबरावर महापालिकेकडून ‘डीपी रिमार्क’ घ्यायचा. तो ऑनलाइन शुल्क भरून मिळतो. त्यात आरक्षण, झोन आणि रस्तारुंदी नकाशाच्या तुकड्यासह येते. रिमार्क हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यासाठी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक वेगळं काढावं लागतं.

२०१६ साली आमच्या सोसायटीने हरकत लिहिली, तेव्हा पत्राच्या पहिल्या खर्ड्यात जागेचं वर्णन होतं ‘वाण्याच्या दुकानामागचा मोकळा प्लॉट’. खाली चाळीसेक सह्या. ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, ‘‘वाणी उद्या दुकान विकून गावी गेला, तर प्लॉट कुठे शोधायचा?’’ त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि फुटपट्टी लावून हद्द बघितली. आमच्या प्लॉटच्या नंबराच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘ब’ लागत होता. तो नसता, तर आमची हरकत शेजारच्या पंपहाऊसच्या जागेवर गेली असती!

म्हणून पत्रात पहिल्याच ओळीत नंबर, गाव, विभाग आणि नकाशातला आरक्षणाचा कोड. मग सध्या जागेवर काय आहे, मसुद्यात काय दाखवलंय आणि तुम्हाला काय हवंय, या तीन गोष्टी. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘मैदानाचं आरक्षण कायम ठेवावं, कारण लगतच्या शाळेला स्वतःचं पटांगण नाही’ यावर निर्णय घेता येतो. सोबत रिमार्कची प्रत आणि जागेचे फोटो. सोसायटीतर्फे असेल तर समितीचा ठराव आणि सचिवाची सही. जमीनमालक म्हणून बोलत असाल तर मालमत्ता पत्रक. पत्र मराठीत चालतं. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही पोच पुढे सोन्याच्या मोलाची.

जायचं कुठे, ते नोटिशीतच असतं. डीपीचं काम महापालिकेत प्रमुख अभियंता (विकास नियोजन) यांच्या खात्याकडे आहे. पण सगळी मुंबई त्यांची नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), झोपडपट्टी योजनांसाठी एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), अशी नियोजन प्राधिकरणं वेगळी आहेत. चुकीच्या दारी दिलेल्या पत्रात मुदत निघून जाते.

सुनावणी

मसुद्यावरच्या हरकती नियोजन समिती ऐकते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. बोलायला वेळ थोडाच मिळतो. मूळ कागद आणि दुसऱ्याला पाठवत असाल तर अधिकारपत्र जवळ ठेवा. समिती अहवाल देते, त्यावरून आराखड्यात फेरफार होतात आणि मग तो मंजुरीसाठी शासनाकडे जातो. तुमच्या हरकतीचं काय झालं हे कळलं नाही, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस.

आता एक तारीख डायरीत लिहून ठेवा: सप्टेंबर २०२८. या आराखड्याने नव्याने टाकलेल्या बहुतेक आरक्षणांना तेव्हा दहा वर्षं होतील. तोवर जागा ताब्यात घेतली नसेल, तर मालकाला कलम १२७ खाली महापालिकेला खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस, देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप गळून पडतं. जागा सुटते आणि मग हरकत घ्यायलाही काही उरत नाही. ही खरेदी सूचना शेजारी देऊ शकत नाहीत, तो हक्क मालकाचा. शेजाऱ्यांना इतकंच करता येतं: सूचना आलीय का हे माहिती अधिकारात विचारायचं, महापालिकेच्या सुधार समितीच्या विषयपत्रिकेवर लक्ष ठेवायचं (खरेदी सूचना आलेल्या जागा घेण्याचे प्रस्ताव तिथेच येतात) आणि आपल्या नगरसेवकाकडे त्या प्रस्तावासाठी लेखी आग्रह धरायचा. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, आणि सुधार समितीही नव्हती. त्या काळात आपल्या वॉर्डातल्या कोणत्या जागेवर खरेदी सूचना आली होती, हे आधी विचारून घ्या.