तीन बटणं, एक कान

खोक्यातून नवा बिनतारी हेडसेट निघाला की बहुतेक जण बेस, म्हणजे हेडसेटला फोनशी जोडणारा डबा, टेबलावर ठेवतात, वायर खोचतात, हेडसेट डोक्यावर चढवतात आणि पहिला फोन घेतात. समोरच्याचा आवाज बारीक आला तर कानाशी असलेलं ‘अधिक’चं बटण दाबत सुटतात. मीही तेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजव्या कानात बारीक शीळ वाजायला लागली, तेव्हा कुठे माहितीपुस्तिका उघडली. टेबलावरचा फोन स्वतःच अगदी कमी आवाजावर ठेवलेला होता आणि हेडसेट तो क्षीण आवाज खरखरीसकट ओढूनताणून मोठा करत होता. त्याच सुमारास कुणी फोनवरचं बटण सहज वर केलं असतं, तर पुढच्या कॉलला माझ्या कानठळ्याच बसल्या असत्या.

या यंत्रात आवाज एका जागी नाही, तीन जागी कमीजास्त होतो. पहिली जागा खुद्द फोनवर. दुसरी बऱ्याच बेसच्या बाजूला किंवा पोटाखाली असते, एखादी दातेरी चकती किंवा सरकपट्टी. तिसरी कानापाशी. हेडसेट संगणकालाही जोडला असेल तर कॉलच्या सॉफ्टवेअरमधली चौथी. या जागा एकापुढे एक उभ्या आहेत, त्यामुळे फोनने वाढवलेला आवाज बेस पुन्हा वाढवतो आणि बेसने वाढवलेला हेडसेट. डेसिबलमध्ये ही वाढ सरळ बेरजेने मोजता येते. तिन्ही ठिकाणी 6-6 डेसिबल चढवले तर एकूण 18 होतात, आणि 18 डेसिबल म्हणजे ध्वनीची शक्ती सुमारे 63 पट.

गोम अशी, की कानाला ती 63 पट जाणवत नाही. साधारण 10 डेसिबल वाढले की आवाज आपल्याला दुप्पट वाटतो. म्हणजे 18 डेसिबलची उडी ‘साडेतीन पट मोठं’ एवढीच भासते. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशींवर आदळणारी ऊर्जा मात्र त्या 63 च्याच हिशेबाने आदळते. माणसाच्या एका कानात अशा पेशी साधारण 15,000 असतात. त्या गेल्या की परत उगवत नाहीत.

म्हणून ध्वनीचा धोका ‘किती मोठा’ आणि ‘किती वेळ’ या दोन्हींवर मिळून मोजतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या संस्थेची शिफारस 85 डेसिबलला 8 तासांची आहे, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशानुसार दिवसाची सरासरी 80 डेसिबलला पोचली की मालकाची जबाबदारी सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोन लावून ऐकायच्या वैयक्तिक उपकरणांसाठी प्रौढांना आठवड्याला 80 डेसिबल आणि 40 तास अशी मर्यादा सुचवली आहे. 40 तास! हा नेमका ऑफिसच्या आठवड्याचा आकडा. अर्थात दिवसभर कुणी सलग ऐकत नसतं, बोलण्याचा आणि शांततेचा वेळ त्यातून वजा होतो. पण घरी जाताना त्याच कानांत पुन्हा गाणी असतील तर तीही याच खात्यात जमा होतात.

आता जोडणीकडे. टेबलफोनच्या रिसीव्हरची गुंडाळीदार वायर फोनमधून काढून बेसमध्ये खोचायची आणि बेसमधून निघालेली वायर फोनच्या त्या रिकाम्या खाचेत. ‘क्लिक’ ऐकू आला पाहिजे, कारण अर्धवट बसलेली वायर हे खरखरीचं पहिलं कारण. बेस फोनपासून वीतभर तरी दूर ठेवावा आणि संगणकापासून त्याहून लांब. चिकटून ठेवला तर विजेची गुणगुण आवाजात मिसळते आणि तिच्यावर मात करायला आपण आवाज वाढवतो.

मग येतो तो छोटा सरकता खटका, ज्याच्यापुढे ए, बी, सी, डी अशी अक्षरं छापलेली असतात. पुष्कळ लोक त्याला हातच लावत नाहीत. रिसीव्हरच्या त्या बारक्या वायरीत चार तारा असतात, दोन माइकच्या आणि दोन कानाच्या. कुठली जोडी कशाची आणि माइकला वीज किती, याचा क्रम फोन बनवणाऱ्यांनी आपापल्या मर्जीने ठरवला. खटक्याचं काम त्या तारा योग्य जोडीत आणण्याचं. चुकीच्या जागी असला तर डायल टोन अजिबात येत नाही, दबका येतो, किंवा घुंईं असा आवाज येतो. एकेक अक्षरावर सरकवत जायचं आणि जिथे डायल टोन सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबायचं. हे करताना हेडसेट कानावर नको, हातात धरा, कानापासून चार बोटं दूर. दोन जागांच्या मधे खटका असताना एखादी तीक्ष्ण किंकाळी निघू शकते. आणि ‘सर्वांत मोठा’ डायल टोन शोधू नका, ‘सर्वांत स्वच्छ’ शोधा. या दोन जागा कधीकधी वेगळ्या असतात.

आवाज लावताना क्रम पाळावा लागतो. हेडसेटचं बटण तळाशी न्या, बेसची चकती मधोमध ठेवा, फोनचा आवाजही मधल्या पातळीवर. ओळखीच्या माणसाला फोन लावा आणि त्याला नेहमीसारखं बोलत राहायला सांगा. आधी फोनचा आवाज एकेक पायरीने वाढवा, जोवर तो स्वच्छ आहे तोवर. शब्दांच्या कडा फाटायला लागल्या, ‘प’ आणि ‘ब’ फुटल्यासारखे वाटले, की एक पायरी खाली. मग कमी पडेल तेवढंच हेडसेटच्या बटणावर. उगमापाशी आवाज पुरेसा भक्कम असेल तर पुढे खरखर कमी वाढते, हे सगळ्या ध्वनियंत्रणांत चालणारं तत्त्व आहे. बेसची चकती शक्यतो शेवटपर्यंत न हलवलेली बरी.

किती मोठा म्हणजे पुरे? मोबाइलमधलं डेसिबल मोजणारं ॲप इथे उपयोगाचं नाही. कानाच्या गादीखालचा आवाज मोजायला प्रयोगशाळेत कृत्रिम कान असलेलं डोकं वापरतात. आपल्यासाठी साधी तुलना आहे. समोरच्या खुर्चीत, हातभर किंवा थोडं जास्त अंतरावर बसलेला माणूस बोलतो तो आवाज साधारण 60 डेसिबलचा असतो. फोनमधला माणूस त्या खुर्चीत बसल्यासारखा वाटला की थांबा. तो तुमच्या कानात तोंड घालून बोलतोय असं वाटत असेल तर आवाज जास्त आहे.

यात खरा खोडा घालतो तो भोवतालचा गोंगाट. शब्द विनासायास कळावेत म्हणून आपण नकळत आवाज गोंगाटाच्या 10 ते 15 डेसिबल वर नेतो. खोली 50 वर असेल तर 65 ला भागतं. तीच खोली 68 वर गेली की बोट आपोआप 80 च्या पलीकडे पोचतं. म्हणून दोन्ही कान झाकणारा हेडसेट माझ्या मते एका कानाच्या हेडसेटपेक्षा चांगला, निदान गजबजलेल्या जागेत. उघड्या कानातून शिरणारा कलकलाट थांबतो, आणि दोन कानांनी मिळून ऐकलेलं तेवढंच मोठं वाटायला प्रत्येक कानाला आवाज कमी लागतो. सहकाऱ्याने मारलेली हाक ऐकू येत नाही हा तोटा आहेच. काहींना तो फायदाही वाटतो.

गादी कानाच्या भोकासमोर नीट बसली आहे ना, हेही बघा. अर्धा इंच मागे सरकलेली गादी आवाजाला गळती लावते आणि आपण भरपाई बटणाने करतो.

एक गोष्ट आवाज कितीही वाढवून मिळत नाही. जुनी टेलिफोन व्यवस्था 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख पटवणारी बरीचशी सळसळ त्याच्या वर असते, म्हणूनच फोनवर आडनाव सांगताना अक्षर फोडून सांगावं लागतं. जे वायरीतून आलंच नाही ते बटण दाबून कसं येणार? अनेक बेसवर ‘वाइडबँड’ची सोय असते. तिने पट्टा सुमारे 50 ते 7,000 हर्ट्झपर्यंत रुंदावतो. फोन आणि पलीकडची व्यवस्था दोन्ही त्या जोगत्या असतील तर ती जरूर चालू करावी, शब्द कळायला मग कमी आवाज पुरतो. बॅटरी थोडी लवकर उतरते, आणि एकाच दालनात असे पुष्कळ हेडसेट असतील तर रेडिओलहरींची जागा अपुरी पडून आवाज तुटू शकतो.

माइकचाही कानाशी संबंध आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर असावा. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने पडतो. पलीकडच्याला आपण नीट ऐकू आलो नाही की तो ओरडतो, आणि त्याचं ओरडणं थेट आपल्या कानात येतं. आपल्याच बोलण्याचा थोडा अंश आपल्या कानात परत येतो, त्याला ‘साइडटोन’ म्हणतात. तो फार कमी असेल तर आपणही नकळत चढ्या सुरात बोलतो. गोंगाटात माणसाचा सूर चढतो हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 मध्येच दाखवलं होतं. एक जण ओरडला की शेजारचा त्याच्या वर जातो, आणि दहा टेबलांचं ऑफिस अर्ध्या तासात बाजार होतं.

दिवसभराच्या आवाजाहून वेगळा धोका अचानक आदळणाऱ्या आवाजाचा. चुकून फॅक्सला लागलेला फोन (त्याची उत्तराची शीळ 2,100 हर्ट्झची असते), पलीकडे हातातून पडलेला रिसीव्हर, स्पीकरफोनशेजारी हेडसेट नेल्यावर उठणारी किंकाळी. मधल्या कानात रिकीब नावाच्या इवल्या हाडाला जोडलेला एक चिमुकला स्नायू मोठ्या आवाजाला आवळला जातो आणि थोडं संरक्षण देतो. पण आवळायला त्याला काही डझन मिलिसेकंद लागतात, कधी शंभराच्याही वर. तोवर धक्का आत गेलेला असतो. अशा प्रसंगानंतर कान दुखणं, भरल्यासारखा वाटणं, शीळ, चक्कर असे त्रास होतात. त्याला ‘अकूस्टिक शॉक’ म्हणतात, आणि कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक आहे.

यासाठी चांगल्या हेडसेटमध्ये आवाजाची अचानक उठलेली शिखरं कापणारा मर्यादक असतो. ब्रिटनमध्ये ही मर्यादा 118 डेसिबलची आहे. पण त्याचा अर्थ 118 पर्यंत सगळं सुरक्षित असा कुणी घेऊ नये. वरचाच निम्म्या-निम्म्याचा हिशेब लावला तर 118 डेसिबलला दिवसाचा अख्खा कोटा 14 सेकंदांत संपतो. म्हणून काही बेसमध्ये दुसरी सोय असते, जी दिवसभराची सरासरी मोजून आवाज 85 किंवा 80 च्या आत ठेवते. ती बहुधा बंद स्थितीत येते आणि सेटिंगमध्ये शिरून सुरू करावी लागते.

रेडिओलहरींची भीती बऱ्याच जणांना असते. कॉर्डलेस फोनच्या ‘डेक्ट’ तंत्रावर चालणाऱ्या हेडसेटची सरासरी शक्ती सुमारे 10 मिलिवॉट, म्हणजे मोबाइलच्या कमाल शक्तीपेक्षा बरीच कमी. काळजीच करायची तर ती आवाजाची करा.

संध्याकाळी हेडसेट काढल्यावर आवाज कापूस घातल्यासारखे दबके येत असतील किंवा कान वाजत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या कॉलआधी बटण दोन पायऱ्या खाली घ्या. तरीही चार-सहा दिवस तेच होत राहिलं तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि हेडसेट दोन पाळ्यांत दोघे वापरत असाल, तर डोक्यावर चढवण्याआधी ‘उणे’चं बटण तळापर्यंत दाबा. आधीच्या माणसाचा कान कसा होता, ते तुम्हाला माहीत नसतं.