ग्राहक तक्रार निवारण : नागपूरमधील व्यवस्था आणि तक्रारकर्त्याची परवड

विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली किंवा पैसे मोजून घेतलेली सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही, तर दाद मागण्यासाठी नागपूर शहर व जिल्ह्यात ज्या यंत्रणा आहेत त्यांची ही नोंद आहे. त्यांतून जाताना तक्रारकर्त्याची जी ओढाताण होते तिचाही विचार येथे केला आहे, कारण तिला सोडून या यंत्रणांचे वर्णन पुरे होत नाही. दुकानदाराशी हुज्जत, ग्राहकसेवा क्रमांकावरील प्रतीक्षा, ‘आपली तक्रार सोडविण्यात आली आहे’ असा परस्पर येणारा संदेश या गोष्टी वाचकाच्या परिचयाच्या आहेत. येथे भर आहे तो त्यानंतरच्या टप्प्यांवर.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील खोट्या वजनमापांच्या दंडापासून सुरुवात करण्याचा प्रघात अनेक लेखनांत दिसतो. तेथील भर मात्र व्यापाऱ्याला शिक्षा करण्यावर आहे. फसलेल्या गिऱ्हाइकाने स्वतः दाद मागून भरपाई मिळवावी, ही आजच्या व्यवस्थेमागील कल्पना त्यातून थेट निघत नाही. दुसरे मत असे की, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये स्वीकारलेली ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे हाच १९८६च्या भारतीय कायद्याचा पाया होय. (या ठरावाची तारीख भारतीय लेखनात बहुधा ९ एप्रिल, तर संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत १६ एप्रिल अशी आढळते.) तिसरे मत देशी चळवळीला अधिक श्रेय देते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कंपनी व मक्तेदारी कायद्यांचा आढावा घेणाऱ्या सच्चर समितीच्या १९७८च्या अहवालानंतर, १९८४ मध्ये, मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण घातले गेले. या सर्व घडामोडी संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाआधीच्या आहेत. त्यामुळे ठरावाने कायद्याला वेग दिला, आशय मात्र बराचसा आधीच तयार होता, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कायद्याच्या आरंभतिथीबाबतही थोडी सावधगिरी हवी. ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर १९८६ रोजी मिळाली आणि तोच दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. अधिनियमाची पहिली, दुसरी व चौथी प्रकरणे १५ एप्रिल १९८७ पासून, तर प्रत्यक्ष तक्रार निवारणाचे तिसरे प्रकरण १ जुलै १९८७ पासून अमलात आले. नागपुरातील जिल्हा मंचाची, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या जिल्हा पातळीवरील यंत्रणेची, कालगणना त्यामुळे १९८७च्या मागे नेता येत नाही. २०१९चा नवा अधिनियम २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ‘मंचा’चा ‘आयोग’ झाला. नागपूरकरांच्या बोलण्यात मात्र ‘ग्राहक मंच’ आणि ‘कंझ्युमर कोर्ट’ हेच शब्द आहेत.

स्थानिक रचना : नागपुरात जिल्हा ग्राहक आयोग असून राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठही (मुख्य ठिकाणाबाहेर सुनावणी घेणारे पीठ) येथे बसते. विदर्भातील जिल्ह्यांच्या निकालांवरील अपिलांसाठी पक्षकारांना मुंबई गाठावी लागत नाही, ही त्याची मोठी सोय. राष्ट्रीय आयोग दिल्लीत आहे. ३० डिसेंबर २०२१च्या नियमांनुसार, मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी समाधानकारक कारण द्यावे लागते.

प्रादेशिक अधिकारक्षेत्राचा प्रश्न नागपूरसारख्या शहराला विशेष जाचक होता. बँका, विमा कंपन्या, वाहन व मोबाइल उत्पादक यांची मुख्यालये बहुतेक मुंबई, पुणे, दिल्ली अशा ठिकाणी. १९८६च्या कायद्यात विरुद्ध पक्ष जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथेच तक्रार करता येई. विरुद्ध पक्षाची शाखा असलेल्या ठिकाणीही ती करता येत असे. परंतु सोनिक सर्जिकल प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने, कारणाशी संबंध नसलेली शाखा पुरेशी नाही, असा अर्थ लावला. तक्रार स्वीकारायची की नाही यावरच अनेक महिने वाद चालावा, अशी सोय यातून विरुद्ध पक्षांना मिळाली. २०१९च्या अधिनियमातील कलम ३४ने तक्रारकर्ता जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथेही तक्रार करण्याची मुभा दिली. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या नागपूरकराला या एका ओळीने जेवढे दिले, तेवढे बाकीच्या कलमांनी क्वचितच दिले असेल.

मुदती आणि वास्तव : तपासणीची गरज नसलेल्या तक्रारीचा निकाल विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ३ महिन्यांत, आणि तपासणी लागत असल्यास ५ महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. ‘शक्यतो’ या शब्दाने ही मुदत व्यवहारात मोडते. लेखी जबाबाच्या मुदतीबाबत मात्र न्यायालयाने कडक भूमिका घेतली : ३० दिवस व वाढीव १५ दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, असा घटनापीठाचा निर्णय हिल्ली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणात ४ मार्च २०२० रोजी झाला. करारात लवादाची अट घालून ग्राहकाला आयोगापासून दूर ठेवण्याचा मार्गही एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (२०१८) या निकालाने बंद झाला.

विलंबाचे दुसरे कारण रिक्त पदांचे, आणि येथे नागपूरचे नाव देशभरच्या व्यवस्थेशी जोडले गेले आहे. आयोगांवरील अध्यक्ष व सदस्यांच्या नेमणुकीचे २०२०चे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आव्हानित झाले. खंडपीठाने १४ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांतील काही तरतुदी रद्द केल्या. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय महेंद्र भास्कर लिमये प्रकरणात ३ मार्च २०२३ रोजी कायम ठेवला. वकिली व अन्य संबंधित क्षेत्रांतील व्यक्तींना १० वर्षांच्या अनुभवावर पात्र धरावे आणि निवड दोन लेखी प्रश्नपत्रिका व मौखिक परीक्षेद्वारे व्हावी, असे निर्देशही दिले. त्याच वादाच्या पुढच्या फेरीत, २१ मे २०२५च्या निकालात, ग्राहक वादांसाठी कायमस्वरूपी न्यायव्यवस्था उभारणे शक्य आहे का हे तपासण्यास केंद्राला सांगण्यात आले. नेमणुका पारदर्शक व्हाव्यात यासाठी ही लढाई आवश्यक होती. पण नियमांचा वाद वर्षानुवर्षे चालतो तेव्हा रिकाम्या खुर्चीची किंमत तारीख घेऊन परतणारा तक्रारकर्ता मोजतो, हेही तितकेच खरे.

प्लॉटचे वाद : नागपूरच्या ग्राहक न्यायनिर्णयांत ले-आउटमधील भूखंडांच्या प्रकरणांना वेगळे स्थान आहे. शहराभोवतीच्या मौजांत शेतजमिनीवर ले-आउट टाकायचे, मासिक हप्त्यांनी पैसे घ्यायचे आणि अकृषक परवानगी किंवा नगररचना मंजुरी मिळाली नाही म्हणून विक्रीपत्र करून द्यायचे टाळायचे, असा या वादांचा ठरीव नमुना. तक्रारकर्त्याच्या हाती इसारपत्र, हप्त्यांच्या पावत्या आणि एक नकाशा एवढाच पुरावा असतो. कायदेशीर पेच असा की, नुसत्या जमिनीची विक्री ही ‘सेवा’ नव्हे. गणेशलाल विरुद्ध श्याम (२०१३) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, केवळ भूखंडाचा ताबा न देणे ग्राहक मंचाच्या कक्षेत येत नाही, असे म्हटले. उलट नार्ने कन्स्ट्रक्शन (२०१२) प्रकरणात रस्ते, गटारे, मंजूर आराखडा अशा विकासाच्या आश्वासनासह विकलेला भूखंड हा सेवेचा भाग ठरला. नागपुरातील ले-आउट योजना जाहिरातीत विकासाचीच ग्वाही देत असल्याने त्यांना दुसरे सूत्र लागू करणे योग्य होय. सार्वजनिक प्राधिकरणेही यातून सुटत नाहीत : लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता (१९९३) या निकालानंतर अशा संस्थांनी दिलेली घरबांधणी व भूखंडविकासाची सेवाही कायद्याच्या कक्षेत आली असून मानसिक त्रासाची भरपाई देण्याचे तत्त्वही तेथे मान्य झाले. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, स्थापनेनंतर (२०१७) नोंदणीकृत प्रकल्पांसाठी दुसरा मार्ग खुला झाला, तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद झालेला नाही, हे इम्पेरिया स्ट्रक्चर्स (२०२०) निकालाने स्पष्ट केले.

इतर दारे : विजेच्या तक्रारींसाठी विद्युत अधिनियम, २००३च्या कलम ४२खाली वितरण कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी रचना आहे. राज्यात मुंबईखेरीज नागपूरलाही विद्युत लोकपालाचे कार्यालय आहे. मे २०११ ते सप्टेंबर २०१९ या काळात महाल, गांधीबाग व सिव्हिल लाईन्स विभागांचे वितरण खासगी फ्रँचायझीकडे आणि परवाना महावितरणकडे होता. बिल देणारा एक व कायद्याने उत्तरदायी दुसरा, अशी ही स्थिती. ‘ही तक्रार आमच्याकडची नाही’ या उत्तराला तिने जागा करून दिली.

बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेकडे करावी लागते आणि ३० दिवस उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१च्या एकात्मिक योजनेने लोकपालांची प्रादेशिक विभागणी संपवली. नागपुरात रिझर्व्ह बँकेचे कार्यालय असूनही टपालाने पाठवायची तक्रार चंडीगडच्या केंद्राकडे जाते. विम्याच्या बाबतीत नागपूर पुण्याच्या विमा लोकपालाखाली येते. दूरसंचार सेवेसाठी कंपनीचेच तक्रार केंद्र आणि कंपनीचेच अपील प्राधिकरण, अशी २०१२च्या विनियमांची दुहेरी पायरी आहे. २००९च्या एका निकालामुळे या ग्राहकांना मंचाचे दार जवळपास बंद झाले होते, ते व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अग्रवाल (१६ फेब्रुवारी २०२२) निकालाने पुन्हा उघडले. १९१५ या दूरध्वनी क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते व उत्तर मागवते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. हा फरक तक्रार नोंदवतानाच सांगितला जावा, इतका महत्त्वाचा आहे. ‘१९१५वर तक्रार केली होती’ म्हणून २ वर्षांची मुदत थांबत नाही, आणि तिथे उत्तराची वाट पाहण्यात मुदत निसटली तर तोटा ग्राहकाचाच. रेल्वेने पाठवलेल्या मालाच्या दाव्यांसाठी रेल्वे दावे न्यायाधिकरणाचे खंडपीठ नागपुरात आहे.

या दारांची संख्या मोठी आहे आणि प्रत्येकाची प्रतीक्षेची मुदत, नमुना व कार्यालय निराळे. हताशपणाचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते : अन्याय सिद्ध करण्याआधी योग्य दार शोधण्यातच माणूस थकतो. ज्याच्याकडे पावती, लेखी तक्रारीची पोहोच आणि पत्रव्यवहाराच्या प्रती आहेत तो पुढे सरकतो. ज्याने सगळे फोनवर मांडले त्याच्यापाशी दाखवायला फारसे काही उरत नाही. ७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेले ई-दाखिल आणि १ जानेवारी २०२५पासूनचे ई-जागृती या ग्राहक आयोगांसाठीच्या संकेतस्थळांमुळे ऑनलाइन दाखल करणे व दूरस्थ सुनावणी शक्य झाली. मात्र कागदपत्रे स्कॅन करून चढवणे ज्येष्ठ नागरिकांना अवघड जाते आणि ते काम सायबर कॅफेवाल्याकडून किंवा वकिलाकडून करून घ्यावे लागते.

आदेशानंतर : सर्वांत बिकट टप्पा निकाल हाती आल्यानंतरचा. पैसे परत करण्याचा आदेश झाला, तरी विरुद्ध पक्ष ते देईलच असे नाही. यामागे कायद्याच्या मसुद्यातील एक चूक दीर्घकाळ कारणीभूत होती. १९८६च्या मूळ कलम २५नुसार मंचाचा प्रत्येक आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे (दाव्यातील अंतिम निर्णयाच्या आदेशाप्रमाणे) अमलात आणता येई. २००२च्या दुरुस्तीने (अंमल १५ मार्च २००३) तेथे ‘अंतरिम आदेश’ असे शब्द आले आणि अंतिम आदेशाच्या जप्तीद्वारे अंमलबजावणीचा आधारच डळमळीत झाला. उरले दोन मार्ग. पहिला, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुली प्रमाणपत्र मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. दुसरा, कलम २७खालील दंडात्मक अर्ज. पहिल्यात प्रकरण महसूल यंत्रणेच्या कामाच्या ढिगात जाऊन पडते. दुसऱ्यात १ महिना ते ३ वर्षे कैदेची तरतूद असली, तरी दंड २,००० ते १०,००० रुपयेच होता. लाखो रुपये अडवून बसलेल्याला त्याची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. २०१९च्या अधिनियमाने कलम ७१मध्ये हुकूमनाम्याप्रमाणे अंमलबजावणी पुन्हा आणली आणि कलम ७२मध्ये दंड २५,००० ते १ लाख रुपये केला. मधल्या काळातील आदेशांचे काय, याचे उत्तर २२ ऑगस्ट २०२५ रोजी पाम ग्रोव्ह्ज गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मिळाले : १५ मार्च २००३ ते २० जुलै २०२० या कालखंडासाठी कलम २५ ‘कोणताही आदेश’ असे वाचावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. नागपूरमधील ले-आउटच्या ज्या जुन्या तक्रारकर्त्यांनी आदेश मिळवून तो घरी कपाटात ठेवून दिला, त्यांच्या दृष्टीने हा निकाल बाकी सर्व सुधारणांहून मोलाचा आहे.

मध्यस्थी व लोकअदालत : २०१९च्या अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणात मध्यस्थीची सोय आहे. सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांसाठी विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील कायमस्वरूपी लोकअदालतीचा पर्यायही उपलब्ध आहे. रक्कम लहान आणि विरुद्ध पक्ष शहरातच असेल तेव्हा हे मार्ग उपयोगी पडतात.

ग्रामीण भाग : काटोल, नरखेड, उमरेड, रामटेक या तालुक्यांतील ग्राहकांच्या तक्रारी मुख्यतः बियाणे, खते, कृषिपंप व पीकविमा यांच्याशी निगडित असतात. सदोष बियाण्यांच्या प्रकरणी कायद्याला प्रयोगशाळेतील तपासणी अभिप्रेत आहे. शेतकऱ्याने मात्र सगळे बियाणे पेरून टाकलेले असते आणि नमुना शिल्लक नसतो. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी (२०१२) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याकडून नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, असे मान्य केले. अशा वेळी कृषी अधिकाऱ्यांनी केलेल्या पीकपाहणीचा पंचनामा हाच मुख्य पुरावा ठरतो. पीक उभे असतानाच तालुका कृषी कार्यालयाकडे लेखी अर्ज देऊन तो करून घ्यावा लागतो.